दहाची रेघ

आमच्या नाशिकच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. एक म्हणतो, आशाताई दारात येऊन 'मन उदास वाटतं का' विचारतात, हे गोऱ्यांचं खूळ. दुसरा म्हणतो, इंग्लंडात चालतं तर इथं का नको? मी लीड्समध्ये राहतो आणि हा फॉर्म स्वतः भरलाय, त्यामुळे दोघांशीही भांडलो.

त्याचं नाव पीएचक्यू-९. नैराश्य चाचपायला गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. (आशाताईंच्या फॉर्मात यातले पहिले दोनच असतात.) १० किंवा जास्त झाले की पुढची चौकशी. ही दहाची रेघ २००१च्या अमेरिकी अभ्यासातली. तिथे आजार असलेल्या शंभरातले ८८ सापडले आणि नसलेल्या शंभरातले ८८ बरोबर वगळले गेले. ऐकायला छान. पण गावात शंभरात दहाच आजारी असतील तर त्यातले नऊ सापडतील आणि सोबत अकराएक धडधाकटही. फॉर्म निदान करत नाही, कुणाशी बसून बोलायचं तेवढं सांगतो.

आणि ती रेघ निफाडला दहावरच बसेल कशावरून? माझा मावसभाऊ रात्रीच्या लाईटवर मोटार चालवतो, कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतो. झोपेच्या प्रश्नाला त्याचे तीन गुण ठरलेले. उलट मावशी म्हणते, "उदास बिदास काही नाही रे, नुसतं अंग गळून जातं, कशात जीव लागत नाही." 'नैराश्य' असा शब्द छापलात तर ती शून्यावर टिक करणार.

म्हणून आधी मराठी करा, दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून ताडून बघा. मग निफाड, दिंडोरी, सिडकोतल्या लोकांकडून भरून घ्या आणि त्याच आठवड्यात, गुण न पाहता, मानसोपचारतज्ज्ञाने त्यांच्याशी बोलावं. रेघ त्यानंतर ओढायची. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच तर आहे.

इकडचंही फार कौतुक नको. उपचारांच्या चौथ्या आठवड्यात मी तो फॉर्म बसमध्ये अंगठ्याने उरकला. गुण उतरले, मी होतो तिथेच होतो.

मावशीला फोनवर विचारलं, आशाताईला काय सांगितलंस?

"सगळं बरं आहे म्हटलं. सूनबाई चहा घेऊन उभी होती ना."