चौथ्या पुटावर थांबायचं तर

'आमसुलं बाजारात आयती मिळतात' हे वाक्य मी आईसमोर आयुष्यात एकदाच उच्चारलं. नंतर तीन दिवस आमटीत चिंच होती.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी गुहागरला गप गुमान हजर होतो. यंदा पडवीत 20 किलो रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, ओतलेले होते; यांच्याच सालीची आमसुलं. एकेक फोडायचा, गरासकट बिया एका घमेल्यात, साल दुसऱ्यात. ऐकायला सोपं आहे. पण शंभरेक फळांनंतर नखाच्या कडेला कुठेतरी कातरलेलं असतं, ते आंबटाला बरोबर सापडतं. हात तर असे लालभडक होतात, की एसटीत कंडक्टरने माझ्याकडे सुट्टे मागितलेच नाहीत.

गरावर मीठ घातलं की रस सुटतो, तोच आगळ. त्यात साली बुडवायच्या, खळ्यात उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून परत बुडवायच्या, सकाळी परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात. आमच्याकडे पाच पुटं. चौथ्याला मी म्हटलं, "आई, पुरे ना आता?"

"चौथ्यावर थांबायचं तर पहिलं तरी कशाला दिलंस?"

यावर उत्तर नसतं. मी काठी घेऊन शेजारच्या कोंबड्या हाकत बसलो. आणि बसून बसून माणूस करणार काय, सालींकडेच बघतो. पहिल्या दिवशी साल वाटीसारखी उघडी पडलेली असते. दुसऱ्या दिवशी कडा आत वळतात, रंग लालवरून जांभळ्यावर येतो. चौथ्या दिवशी चिमटीत धरली तर वाकते, पण मोडत नाही, आणि बोटाला किंचित चिकटते. इतकं लक्ष देऊन मी माझी नोकरीही कधी केली नव्हती.

पाऊस खरं तर जूनचा पाहुणा, पण त्याचे ढग पंधरा दिवस आधीच आमच्या खळ्याची पाहणी करून जातात. मागे एकदा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. "मिळालं ना? मग चादर उचल, मळभ आलंय," ती म्हणाली, आणि स्वतःच दोन टोकं धरून पडवीकडे पळाली. यंदा ती 81 वर्षांची आहे. दोन टोकं अजून तिचीच असतात.

रात्री साली पंख्याखाली पसरल्या की घरभर आंबट वास सुटतो. मग ती सांगायला लागते: बाबा तिला बघायला आले तेव्हा पांढऱ्या लेंग्याने नेमके रातांब्यावर बसले, आणि पोह्यांच्या दोन बशा संपल्या तरी उठेचनात. ही गोष्ट मी दर वर्षी ऐकतो. दिवाळीत विचारलं तर म्हणते, आठवत नाही.

शेवटी आमसुलं भरली पावणेदोन किलो. पुण्याहून आलेल्या मुलाने मोबाइलवर हिशेब मांडला. "बाबा, तुमची मजुरी तासाला बारा रुपयेसुद्धा पडत नाही." मी त्याला हळू बोलायला सांगितलं.

पण आईचं लक्ष बियांकडे होतं. त्या धुऊन वाळत घातल्यात. पुढच्या आठवड्यात फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढायचं आणि थिजलं की मुठीत दाबून मुठेल वळायचं. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही, हे खरंच.

मुठेलसुद्धा बाजारात आयतं मिळतं. मी काही बोललो नाही. रजा वाढवली.