शरभाची हाडं कशाला शोधता?

मध्यंतरी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दक्षिणेतल्या एका देवळाच्या खांबाचा फोटो आला. धड सिंहाचं, तोंडाला हत्तीची सोंड, मागच्या पायांवर उभा राहिलेला याळी. खाली मजकूर: ‘हा प्राणी खरोखर होता, इंग्रजांनी तो इतिहासातून पुसला.’ पाठवणारे डोंबिवलीचे काका. लगेच पवईहून भाच्याचं उत्तर: ‘काका, पुरावा?’ मग जी जुंपली ती कुणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकेपर्यंत चालली. मी एडिंबरात असते. मुंबईतली रात्रीची भांडणं मला दुपारच्या चहाबरोबर वाचायला मिळतात.

वाद आमच्या घरापुरता असता तर लिहायचं कारण नव्हतं. पण 2014 मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी गणपतीच्या हत्तीच्या शिराचा संबंध प्लास्टिक सर्जरीशी जोडला होता. काही महिन्यांतच, जानेवारी 2015 मध्ये, मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. तेव्हापासून पुराणातलं काहीही काढा, दोन तट पडलेच म्हणून समजा. एकाला ते खरं ठरवायचं असतं, दुसऱ्याला भाकडकथा म्हणून मोडीत काढायचं असतं.

अशा वेळी परदेशातल्या माणसाने काय म्हणायचं ते ठरलेलं आहे: बघा, इकडचे लोक किती समंजस! स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी चक्क युनिकॉर्न, म्हणजे गोष्टीतला एकशिंगी घोडा. एडिंबराच्या हाय स्ट्रीटवर मर्काट क्रॉस नावाचा जुना स्तंभ आहे, त्याच्या टोकावर तो बसलेला आहे. राजचिन्हात त्याच्या गळ्यात सोन्याचा मुकुट आणि अंगाला साखळी असते, कारण असं जनावर बांधून ठेवण्याची धमक फक्त राजात, असा त्याचा अर्थ सांगतात. तो खरा होता असं इथे कुणी म्हणत नाही आणि खोटा आहे म्हणून कुणी खाली उतरवत नाही.

मला मात्र हे कौतुक पचत नाही. एक तर हीच माणसं लॉख नेसच्या तळ्यात राक्षस शोधत इतकी वर्षं फिरताहेत. 1934 चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं डोकं होतं, हे 1990 च्या दशकात उघड झालं. गर्दी कमी झाली नाही. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी तळ्याच्या पाण्यातला डीएनए तपासला. ईल माशांचा भरपूर सापडला, सरपटणाऱ्या प्राण्याचा काहीच नाही. यावर मार्ग असा निघाला की राक्षस म्हणजे बहुधा मोठी ईल असावी! काकांना इथे छान करमेल.

खुद्द युनिकॉर्नचं शिंगसुद्धा युरोपात शेकडो वर्षं विषावरचा उतारा म्हणून सोन्याच्या भावाने विकलं गेलं. ते नारव्हाल नावाच्या उत्तरेकडच्या देवमाशाचा सुळा आहे, हे ओले वर्म या डॅनिश वैद्याने 1638 मध्ये दाखवून दिलं. आणि या एकशिंगी जनावराची पहिली लेखी बातमी कुठली? हिंदुस्थानची. इसवी सनपूर्व 400 च्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने इराणच्या दरबारात ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिलं की, हिंदुस्थानात पांढऱ्या अंगाची, एका शिंगाची रानगाढवं असतात. बहुधा आपल्या गेंड्याचीच ही उडत गेलेली वार्ता. (हे ग्रुपवर कळवलेलं नाही. ‘युनिकॉर्न आपलाच’ म्हणून उद्या फिरायला लागेल.)

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. युनिकॉर्न निवृत्त झालाय. त्याला कुणी नवस बोलत नाही, दारावर राखणीला बसवत नाही. मगवर आणि लहान मुलींच्या दप्तरावर त्याचं बरं चाललंय. त्याच्यावरून भांडण होत नाही, कारण त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडची जनावरं अजून कामावर आहेत. जुन्या दगडी देवळाच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असतं: बटबटीत डोळे, वर आलेले गाल, खालचा जबडाच नाही. भुकेने कासावीस झालेल्या त्या प्राण्याला शंकराने सांगितलं, स्वतःलाच खा. त्याने पायापासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. त्याच तोंडावर हळदकुंकू वाहून आपण आत जातो. दादरच्या हॉलमध्ये लग्न लागतं तेव्हा मंगलाष्टकांत चौदा रत्नं येतात, त्यात ‘अश्वः सप्तमुखो’ असतो. सात तोंडांच्या घोड्यावर नास्तिक मामासुद्धा मुकाट्याने अक्षता टाकतो.

म्हणून ‘तिकडच्यासारखं हसून सोडून द्या’ हा सल्ला मला देववत नाही. पण दोन तटांत मी काकांच्या बाजूला जास्त दोष देते. भाचा फार तर उतावळा आहे. काका जनावराचं नुकसान करताहेत.

आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ हा काल्पनिक प्राणी घ्या. सिंहासारखा देह, वळलेली शेपटी आणि पंजाखाली हत्ती. काही शिल्पांत चारी पंजांत चार हत्ती आणि शेपटीत आणखी एक. हे हत्ती मांजराच्या पिलांएवढे आहेत. ज्याने ते कोरले त्याने हत्ती पाहिला नव्हता का? लष्करात, मिरवणुकीत, डोळ्यांसमोर पाहिला होता. मुद्दाम लहान केला. दारातून आत येणाऱ्याला सांगायचं होतं, तुझं गजदळ इथे एवढंच. आता शरभ खराच होता असं धरून चला. मग तो पाथरवट उरतो फक्त समोरच्या प्राण्याचं चित्र काढणारा. त्याची मिजास, त्याने शत्रूला मारलेला टोमणा, सगळं गेलं. पूर्वजांना शास्त्रज्ञ ठरवायच्या नादात आपण त्यांची कल्पनाशक्ती काढून घेतो, आणि वर त्याला अभिमान म्हणतो.

हे मुंबईला तरी कळायला हवं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, भिंतींवरची कितीतरी पानं-फुलं आणि जनावरं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. ठाण्याची फास्ट पकडताना वर कोण बघतो म्हणा. पण दगडातलं जनावर म्हणजे कुणाचं तरी म्हणणं, याचा एवढा मोठा नमुना आपल्या रोजच्या वाटेवर उभा आहे.

शाळेतली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला संकल्पचित्र काढतात. वर्षानुवर्षं तेच वर्तुळ, तीच पानं-फुलं. एखाद्या वर्षी प्रश्न द्यावा: आजचा शरभ काढा, पंजात काय धरलंय ते तुम्ही ठरवा. एखाद्या कुर्ल्याच्या मुलीने त्याच्या चार पंजांत चार पाण्याचे टँकर दिले आणि शेपटीत बिल्डर गुंडाळला, तर परीक्षकांनी तेवढे मार्क कापू नयेत.