गरुड पुरे झाले, हारानातून उठा

सगळ्या ग्रुपवर फिरून तो गरुड आज पुन्हा माझ्या फोनवर येऊन बसला. मागे तांबडं आकाश, खाली सोनेरी अक्षरं, ‘कम्फर्ट झोन सोडा, देव तुम्हाला उंचावर नेईल’, आणि त्याखाली ती नेहमीची गोष्ट. गरुड म्हणे चाळिशीला आला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नखं उपटतो, मग सगळं नवं फुटतं आणि तो अजून तीस वर्षं जगतो. अहो, चोच तोडून बसलेला पक्षी उपाशी मरेल! कुठलाही गरुड असलं काही करत नाही. देवाच्या नावानं असल्या थापा आपण का पुढे ढकलतो, ह्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

थापेचं एक वेळ चालवून घेतलं असतं. डोकं फिरलं ते पाठवणाऱ्यांची नावं बघून.

सकाळी उपासना संपल्यावर पास्टरांनी साधी विचारणा केली होती. हॉस्पिटलमध्ये पेशंटना भेटायला जाणाऱ्या आपल्या गटात माणसं कमी पडतायत, कुणी नवीन येईल का? एवढंच. शेवटचं गीत म्हणून झालेलं होतं, तरी अर्धी मंडळी गीतपुस्तकात काहीतरी शोधायला लागली. एकीच्या पर्सची चेन नेमकी तेव्हाच अडकली. मग मागून आवाज आला, ‘आम्ही प्रार्थनेत ठेवू, पास्टर.’ लगेच चहूकडून ‘आमेन’. सुटलो बाबा एकदाचे, असा तो आमेन होता. आणि दुपार व्हायच्या आत त्याच हातांनी गरुड उडवले.

प्रार्थनेत ठेवू! काय ठेवणार? देवा, मला दिलेले दोन पाय तसेच राहू देत आणि दुसऱ्या कुणालातरी पाठव, हे?

मी त्या गटात कशी गेले ते जवळच्यांना माहीत आहे. स्वतःहून मुळीच नाही. मंडळीतल्या एका मावशींनी धरून नेलं. (फेसबुकवर नाव आलेलं त्यांना खपणार नाही, म्हणून नुसत्याच मावशी.) मला हॉस्पिटलच्या वासानंच मळमळतं. अनोळखी माणसाशी काय बोलायचं म्हणून मी आदल्या रात्री बायबलची वचनं पाठ करून गेले होते. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. ह्यांच्याकडे कुणी येत नाही, असं सिस्टरनं सांगितलं होतं. आमच्याकडे न बघताच ते म्हणाले, ‘काय, देव विकायला आलात?’

पाठ केलेली सगळी वचनं घशातच राहिली. मावशी म्हणाल्या, ‘नाही, बसायला आलोय,’ आणि स्टूल ओढून बसल्या. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मावशींनी पर्समधून नेलकटर काढलं. ‘नखं फार वाढलीत. कापू का?’ उत्तर नाही. थोड्या वेळानं, तोंड भिंतीकडेच ठेवून, एक हात चादरीवरून सरकत मागे आला. एकच. मावशींनी खाली रुमाल पसरला, पाची नखं कापली, तुकडे रुमालात गुंडाळले आणि म्हणाल्या, ‘दुसरा हात पुढच्या वेळी.’

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, मावशी, पुढच्या वेळी कशाला? त्यांना आपण नको आहोत. त्या म्हणाल्या, ‘एक हात राहिलाय ना.’

माझं आजचं सगळं म्हणणं ह्या राहिलेल्या हाताबद्दल आहे. पहिल्यांदा जायला विश्वास लागतोच असं नाही. उत्साह पुरतो, कुणी ओढून नेलेलं पुरतं, फोटो काढायची हौससुद्धा पुरते. दुसऱ्यांदा जाताना मात्र तो वास माहीत असतो, भिंतीकडे वळलेलं ते तोंड माहीत असतं, आणि तरी चपला पायात घालायच्या असतात.

बायबलमधल्या अब्राहामाचं नाव आपल्या तोंडी सारखं असतं. कुठं जायचं ते ठाऊक नसताना निघाला, तेही पंचाहत्तराव्या वर्षी, इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय, सगळं पाठ. त्याच्या बापाबद्दल कुणी बोलत नाही. उत्पत्ती पुस्तकाच्या 11व्या अध्यायाचा शेवट काढा. कनान देशाला जायला म्हणून ऊर शहर सोडून आधी तो बाप, तेरह, निघाला होता. मुलगा अब्राम (म्हणजे पुढचा अब्राहाम), सून साराय, नातू लोट, सगळ्यांना घेऊन. वाटेत हारान लागलं आणि तिथंच राहिले. पुढे 205 वर्षांचा होऊन तेरह हारानातच मेला. दोन ओळींत खेळ खलास. का थांबला ते शास्त्र, म्हणजे बायबल, सांगत नाही. पण एवढं माहीत आहे की ऊरमध्ये ज्या चंद्रदेवाची पूजा चालायची, त्याचंच मोठं ठाणं हारानातही होतं. म्हणजे गाव नवं, बाकी सगळं ओळखीचं. आणि सामान आधीच उतरवलेलं.

आपल्यातले फार थोडे जण अजून ऊरमध्ये आहेत. आपण निघालेली माणसं आहोत. बाप्तिस्मा झाला, साक्ष दिली, जुन्या सवयी सोडल्या, काहींनी तर त्यापायी घरच्यांचे शिव्याशाप खाल्ले. मग वाटेत बरं ठिकाण लागलं. ओळखीची गीतं, ओळखीची माणसं, ठरलेली बाकं. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बिऱ्हाड थाटावं तसे आपण तिथं पडदेसुद्धा लावलेत. ऊर सोडल्याची साक्ष अजून देतो, तीच, त्याच शब्दांत, वीस वर्षांपूर्वीची. ऐकणारेही हारानातलेच, त्यामुळे कनानचं काय झालं असं कुणी विचारत नाही.

हो, हो, एकत्र जमणं सोडू नका असंही इब्री लोकांस पत्रातच आहे. कमेंटमध्ये दाखवायच्या आत मीच सांगते. त्याच्या आदली ओळही वाचा, प्रीतीसाठी आणि सत्कर्मांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या म्हणणारी. जमायचं ते त्यासाठी.

आणि मिशनरी चरित्रांची आपल्याला केवढी आवड! विल्यम केरी म्हटलं की छाती फुगते. चपला-बूट शिवणारा माणूस 1793 मध्ये समुद्र ओलांडून बंगालमध्ये आला, 1805 मध्ये त्यानं आपल्या मराठीचं व्याकरण छापलं, हे संडे स्कूलच्या पोरांनाही सांगतो. मधलं गाळतो. कृष्ण पालचा बाप्तिस्मा, त्याच्या कामाचं पहिलं फळ, 1800 च्या डिसेंबरात आलं. सात वर्षं! आपल्याला सातव्या रविवारी काही दिसलं नाही तर ‘देवाची इच्छा नसेल’ म्हणून मोकळे. 1812 मध्ये सेरामपूरच्या छापखान्याला आग लागून हस्तलिखितं जळून गेली, तर हा माणूस तीच भाषांतरं पुन्हा करायला बसला. पंडिता रमाबाईंचं तेच. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम हातात होतं, ते खाली ठेवलं नाही. 1922 मध्ये स्वतः गेल्या त्या ते पुरं करून. फोटो टाकायचे तर ह्या मधल्या वर्षांचे टाका. पण तसले फोटो कुणी काढलेले नसतात.

केरीच्या बायकोचं काय, असं माझी मुलगी विचारते. डॉरथीला यायचंच नव्हतं. इथं पाच वर्षांचा पीटर गेला, तिचं मन ढासळलं ते कायमचं, आणि 1807 मध्ये तशीच गेली. ह्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. स्वतःची सोय सोडायची असते, दुसऱ्याची त्याच्या माथी मारून सोडायला लावायची नसते. एवढं मान्य.

तर आजोबा. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा मावशींनी काही विचारायच्या आत त्यांनी दुसरा हात पुढे केला. देवाबद्दल चकार शब्द नाही. निघताना मला म्हणाले, ‘पुढच्या वेळी पेपर घेऊन ये.’ मग काय, वचनं पाठ करून गेलेली मी, त्या खाटेजवळ बसून खेळाचं पान वाचायचे. खेळाडूंची नावं चुकीची उच्चारली की ते वैतागायचे. शास्त्र उघडायचं नाही, कुणी मागितलं तरच, हा मावशींचा नियम. आजोबांनी कधी मागितलं नाही. एका शनिवारी खाटेवरची चादर बदललेली होती आणि दुसराच माणूस झोपला होता.

ही गोष्ट मी साक्षीत सांगितली की हमखास प्रश्न येतो, ‘मग त्यांनी शेवटी प्रभूला स्वीकारलं का?’ मला ह्या प्रश्नाचा भयंकर राग येतो. माहीत नाही! नाही माहीत. भिंतीकडे तोंड करून त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते देवाला ठाऊक. जिला टाळ्या घेणारा शेवट नाही अशी साक्ष आपल्याला ऐकवतच नाही. यिर्मया 25 मध्ये संदेष्टा उभा राहून सांगतो की तेवीस वर्षं मी बोलतोय आणि तुम्ही ऐकलं नाही. आजच्या साक्षसभेत त्याला माइक मिळाला नसता. त्या दिवशी मावशींनी काय केलं सांगू? नव्या माणसाला विचारलं, ‘बसू का जरा?’

आणि यशया 40 चं ते गरुडाच्या पंखांचं वचन. फोटोवर पंखांनी वर उडण्यापर्यंतच छापतात. त्यानंतर धावणं आहे, आणि सगळ्यात शेवटी चालणं. चालतील तरी थकणार नाहीत. जागा पुरत नसेल बहुतेक.

इथवर लिहून फोन बाजूला ठेवला होता. परत वाचलं तर फारच फटकारलंय. म्हणून थोडं.

आज मान खाली घालणाऱ्यांत एक जण अशी होती जिच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलेला आहे. बाई, तुझा वॉर्ड घरातच आहे, तुला मी काही म्हणत नाहीये. शनिवारी कुणीतरी तुझ्याकडे येऊन बसायला हवं, आणि तू बाहेर जाऊन ये. आणि जे खरोखर दमलेत त्यांच्यासाठी शास्त्रात एलीया संदेष्टा आहे. झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूत पाठवला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांब होती. आधी भाकर, मग वाट. आपल्या मंडळीला हा क्रम जमायला हवा. आपण दमलेल्याला गरुडाचा फोटो पाठवतो.

पण बाकीच्यांनी त्या झुडपाखाली घुसू नये. एलीया कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांशी झुंजून आला होता. तुम्ही सोफ्यावरून.

एकदा येऊन पुन्हा न आलेलेही हे वाचत असतील. यादीत तुमची नावं अजून आहेत, मावशी खोडू देत नाहीत. प्रेषित पौलाच्या पहिल्याच प्रचाराच्या प्रवासात बरोबरचा तरुण मार्क पंफुल्यातून माघारी गेला. पौलाला ते इतकं लागलं की पुढच्या वेळी त्याला नेण्यावरून सोबती बर्णबाशी कडाक्याचं भांडण झालं आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबानं मार्कला घेतलं, कुप्र गाठलं. वर्षांनंतर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच पौल सांगतो, मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. त्याच्या आदल्याच वचनात देमास सोडून गेल्याचं दुःख आहे. गेलेला आणि परतलेला, दोघं एकाखाली एक. मार्कला जमलं ते बर्णबानं त्याच्यावर पाणी सोडलं नाही म्हणून. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या मावशी नसत्या तर मी दुसऱ्या शनिवारी गेलेच नसते, आणि आज तुमच्याबरोबर गीतपुस्तकच चाळत असते.

तर आता कामाचं. येत्या शनिवारी चार वाजता चर्चच्या दारात भेटायचं. पाठांतर करून येऊ नका. शास्त्र मावशींच्या पर्समध्ये असतं. नेलकटर आणलंत तर बरं, पण कुणाच्याही नखांना हात लावण्याआधी सिस्टरला विचारायचं. साखरेच्या पेशंटची नखं आपण कापायची नसतात. पेशंट झोपला असेल तर उठवायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, आणि ‘सगळं ठीक होईल’ म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं. एकदाच येऊन बघायचं असेल तर नाव देऊ नका. दुसऱ्या वेळी कुणी आलं नाही की पेशंट दाराकडे बघत बसतो.

कमेंटमध्ये आमेन नको, हात जोडलेले इमोजी नकोत. ‘येते’ किंवा ‘येतो’ लिहा. ‘जमणार नाही’ लिहिलंत तरी हरकत नाही, तुमचा नंबर मी मावशींना देईन. आणि त्यांना फोनवर ‘प्रार्थनेत ठेवते’ म्हणून बघाच एकदा.