स्मिता पाटील आपल्या, पण पाहायच्या कुठे?

दर ऑक्टोबरला आणि डिसेंबरला आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप गटात एकच वाद नव्याने पेटतो. अभिनेत्री स्मिता पाटील यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा आणि तोही पुण्याचा, मग त्यांना खान्देशकन्या कसे म्हणायचे, असे कोणी विचारतो. लगेच दुसरा सांगतो की वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, तेव्हा मुलगी धुळे जिल्ह्याचीच. यंदा त्यात एका चौकाला त्यांचे नाव देण्याची मागणी आली आणि ती आधी कोणी केली यावरून दोन दिवस भांडण चालले. मी मूळचा नंदुरबारचा, गेली नऊ वर्षे फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. या साऱ्या वादात त्यांच्या एखाद्या चित्रपटातल्या एकाही प्रसंगाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, हे मला फार लागते.

ल्योंमध्येच 1895 साली ल्युमिएर बंधूंनी आपल्या कारखान्यातून सुटी होऊन बाहेर पडणारे कामगार चित्रित केले; त्यांत बायाच जास्त दिसतात. त्या रस्त्याला आज ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असे नाव आहे. मात्र नावाची पाटी लावून इथली माणसे थांबली नाहीत. कारखान्याच्या शेडचा उरलेला भाग जपून त्याला जोडूनच चित्रपटगृह उभारले आणि तिथे जगभरचे जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवले जातात.

मागच्या हिवाळ्यात एका फ्रेंच सहकारिणीला मी घरी ‘मिर्च मसाला’ दाखवला. सुभेदाराच्या थोबाडीत मारून पळालेली सोनबाई, म्हणजेच स्मिता पाटील, मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते, म्हातारा अबू मियाँ दार लावून घेतो आणि शेवटी कांडणाऱ्या बायाच मिरचीची पूड सुभेदारावर उधळतात. सहकारिणीला त्यातला लाल रंग विलक्षण सुंदर वाटला. मला मात्र नंदुरबारच्या पथारी आठवल्या: नजर जाईल तिथवर वाळत घातलेली मिरची, तोंडाला फडके बांधून देठ खुडणाऱ्या बाया, आणि संध्याकाळी घरी आल्यावर लेकराला जवळ घेण्याआधी पुन्हा पुन्हा हात धुणारी माझी मावशी. हात धुऊनही आग जात नसे. त्यामुळे इथल्या रसिकांचे कौतुक मला पुरेसे वाटत नाही. ते चित्रपट आस्थेने जपतात आणि पाहतात, पण त्या मिरचीची आग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्यांना ती ठाऊक आहे, त्यांना चित्रपट पाहायला मिळत नाही.

दूरदर्शनवर बातम्या वाचणारी स्मिता पडद्यावर आली आणि जेमतेम बारा वर्षांत ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1985 मध्ये पद्मश्री आणि 13 डिसेंबर 1986 रोजी, बाळंतपणानंतर अवघ्या काही दिवसांत, मृत्यू, इथवर सारे घडून गेले. ‘मिर्च मसाला’ तर त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. पण मोठेपण पुरस्कारांत शोधू नये असे मला वाटते. ‘मंथन’मधली बिंदू असो वा ‘जैत रे जैत’मधली चिंधी, कष्टाने रापलेली बाई त्यांनी कीव न करता उभी केली. ‘उंबरठा’तली सुलभा घर सोडून महिलाश्रमाचे काम पत्करते, तेव्हाही त्या प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाहीत.

जुने चित्रपट जपणे आपल्याला जमत नाही, असेही नाही. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन उभा केलेला ‘मंथन’ भारतातल्याच संस्थेने नव्याने दुरुस्त केला आणि 2024 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. अशा प्रती आज तयार आहेत. मग चौकाच्या पाटीचा खर्च आणि तिच्यावरचे भांडण बाजूला ठेवून, येत्या 17 ऑक्टोबरला जळगाव, धुळे, नंदुरबार आणि शिरपूर इथे त्यांचा एकेक चित्रपट मोठ्या पडद्यावर, रीतसर परवानगी घेऊन, विनामूल्य का दाखवू नये? विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी पुढाकार घ्यावा. नंदुरबारच्या सभागृहाचे भाडे मी देईन, हे मी गटात लिहून कळवले आहे. खेळ मात्र संध्याकाळी सातनंतरचा ठेवावा, कारण पथारीवरच्या बाया त्याआधी मोकळ्या होत नाहीत. मावशी आता सत्तरीला आली आहे आणि सोनबाई तिने अजून पाहिलेली नाही.