पाच गिअरचा बॉक्स टाकला की जुनी अँबॅसिडर शंभरनं पळते? आधी हे वाचा

सध्या एक मेसेज फिरतोय, सातारा-सांगलीकडं जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर तो येऊन पडलाय. त्यात म्हटलंय की अँबॅसिडर नाहीतर फियाटचा चार गिअरचा बॉक्स काढा, भंगारातनं कुठल्याही नव्या गाडीचा पाच गिअरचा आणा, एका दिवसात बसतो, अ‍ॅव्हरेज दीडपट होतं, हायवेला शंभरनं आरामात पळते, इंजिन थंड राहतं आणि दुप्पट टिकतं, आरटीओचा काही संबंध येत नाही, वर गाडीची किंमत पण वाढते. यातलं खरं काय ते आधी सांगतो: योग्य बॉक्स नीट बसवला तर हायवेला इंजिनचा आवाज खरंच खाली येतो आणि पुण्याहून सांगलीपर्यंत गाडी हाकून आलेला माणूस कमी दमलेला असतो. बाकीचं एकेक करून बघू, कारण असलं वाचून लोक चांगल्या धडधाकट गाड्यांचे पत्रे कापायला निघालेत.

"पाच गिअर म्हणजे हायवेला आराम." हे गिअरच्या आकड्यावर नाही, रेशोवर ठरतं, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला बॉक्समधनं मागं किती फेरे निघतात त्यावर. जुन्या अँबॅसिडरचा चौथा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे इंजिन एक फेरा फिरलं की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा, पण एकच फेरा फिरतो. आता पाच गिअरच्या कितीतरी बॉक्समध्ये पाचवा गिअरच डायरेक्ट असतो आणि जास्तीचा गिअर खाली दिलेला असतो, लोड ओढायला, माल वाहणाऱ्या जुन्या गाड्यांचे बॉक्स तर बरेचसे असेच. तसला बॉक्स आणलात तर टॉपला फरक शून्य. हे तपासायला काही मशीन लागत नाही. बॉक्स बाकावर ठेवा, पाचव्यात टाका, पुढच्या आणि मागच्या दोन्ही शाफ्टवर खडूनं खूण करा आणि पुढचा शाफ्ट हातानं दहा फेरे फिरवा. मागचा पण दहाच फिरला तर तो तुमच्या कामाचा नाही. पावणेबाराच्या आसपास फिरला तर रेशो ०.८५ आहे, हा खरा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. पैसे द्यायच्या आधी दुकानातच हे करा, दुकानदाराला काय वाटायचं ते वाटू दे.

त्याचा फायदा किती तेही बघा. सोयीसाठी डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअर, ४.५ चं धरू (शाफ्टच्या साडेचार फेऱ्यांना चाकाचा एक) आणि टायरचा एक फेरा दोन मीटरचा. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ६६७ फेरे फिरतं, म्हणजे डायरेक्ट टॉपला इंजिन ३००० वर. ०.८५ चा पाचवा टाकला की २५५०. साडेचारशे फेरे कमी झाले, कानाला ते लगेच कळतं. पण हा हिशोब तुमच्या डिफरन्शियलच्या आणि टायरच्या आकड्यावर करायचा असतो, मेसेज लिहिणाऱ्याला तुमच्या गाडीत कुठला क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलची गिअरची जोडी, आहे हे माहीतच नाही, मग तो छातीठोकपणे सांगतो कशाच्या जोरावर?

"कुठल्याही गाडीचा बसतो, एका दिवसात." हे सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतं, ते अँबॅसिडरला किंवा फियाटला लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे भंगार बाजारातला निम्म्याहून जास्त माल इथंच बाद. उरले मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे बॉक्स, त्यांची बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनला बोल्टनं जोडायचं पुढचं घंटेसारखं कव्हर, तुमच्या इंजिनच्या भोकांना जुळत नाही, म्हणून मधे जोडायला अडॅप्टर प्लेट करावी लागते. आता सांगली-मिरजेकडं चांगले टर्नर आहेत, प्लेट कापणं त्यांना अवघड नाही, खरं काम आहे ते सेंटर काढायचं. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, सेंटर आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सेंटर एका रेषेत पाहिजे, साधारण पाच थाउच्या आत, म्हणजे इंचाचे पाच हजारांश भाग, मिलिमीटरमध्ये ०.१३ च्या आसपास. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून इंजिन हातानं सावकाश फिरवायचं आणि हाउसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा किती हलतो ते बघायचं. एका गॅरेजमध्ये मी हे उभं राहून बघितलंय, प्लेट डोळ्याला एकदम फिट बसलेली, बोल्ट हातानं आत जात होते, आणि काटा पार वीस थाउच्या पुढं गेला. ती गाडी तशीच रोडवर गेली असती तर क्लचप्लेट सरळ बसली नसती, पायलट बेअरिंग ओरडलं असतं, ऑइल सील गळलं असतं आणि काही दिवसांनी चालत्या गाडीत गिअर सुटायला लागला असता, मग मालक म्हणाला असता की बॉक्सच खराब निघाला.

पुढं क्लचप्लेटच्या मधल्या खाचा (स्प्लाइन) बॉक्सच्या शाफ्टला जुळवा, बॉक्सची लांबी वेगळी म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून वेल्ड करा, तो बॅलन्स करून घ्या, नाहीतर सत्तरच्या पुढं सगळी गाडी थरथरते आणि शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) महिनाभरात वाजायला लागतात. मागचा माउंटिंग ब्रॅकेट नवीन. स्टिअरिंगजवळचा गिअर असेल तर तो जाऊन खाली फ्लोअरला लिव्हर येणार, म्हणजे पुढच्या लांब सीटवर मधे माणूस बसायचा तो बसणार नाही आणि बोगद्याचा, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याचा, पत्रा कापावा लागणार. यातलं एकही काम घाईचं नाही. "एका दिवसात" म्हणणाऱ्यानं यातली दोन-तीन कामं सोडलेलीच असतात.

"अ‍ॅव्हरेज दीडपट." गाडी तीच, वजन तेच, हवा तीच, टायर तेच. ८० ला चाकांना जेवढी ताकद लागते तेवढी लागणारच, बॉक्स बदलून ती कमी होत नाही. वाचतं ते इंजिनचं स्वतःचं घर्षण आणि अर्धवट उघड्या कार्बोरेटरमधनं हवा ओढायची मेहनत. हे वाचणं खरं आहे, पण थोडं. मग लोकांना दीडपट दिसतं कुठनं? स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूनं निघते आणि तिचं छोटं गिअर त्या बॉक्सच्या मूळ गाडीच्या डिफरन्शियलला आणि टायरला जुळवलेलं असतं. बॉक्स तुमच्या गाडीत आला की मीटर चुकतं. मीटर २० टक्के जास्त पळालं तर १० चं अ‍ॅव्हरेज काही न करता १२ दिसतं, आणि स्पीड पण जास्त दिसतो, म्हणून "शंभरनं आरामात" पण त्यातच आलं. फोनवर जीपीएस लावा, सातारा ते कराड साधारण पन्नास किलोमीटर आहे, जाऊन या आणि मीटरशी ताडून बघा. आणि पैशाचं म्हणाल तर १० चं अ‍ॅव्हरेज खरंच ११ झालं तरी शंभर किलोमीटरला ०.९ लिटर वाचतं, पेट्रोल शंभर रुपये धरलं तर नव्वद-एक रुपये. कामाचा खर्च ५०,००० धरला तर तो फिटायला ५५,००० किलोमीटर गाडी चालवावी लागेल. रविवारी आणि दसऱ्याला बाहेर निघणारी गाडी एवढी चालणार कधी?

"हायवेला शंभरनं." जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं. हवेला तोडायला लागणारी ताकद स्पीडच्या घनानं वाढते, ८० वरनं १०० वर गेलात की तेवढ्यासाठी जवळजवळ दुप्पट ताकद, आणि पाचव्यात इंजिन खालच्या फेऱ्यांवर असल्यामुळं त्याच्याकडं द्यायला ताकद उलट कमी. कंपनीनं नव्वदच्या दशकात पेट्रोल अँबॅसिडरला पाच गिअर दिले तेव्हा सोबत १.८ लिटरचं इसुझूचं इंजिन दिलं होतं, नुसता बॉक्स बदलून सोडलं नव्हतं. आणि समजा पळालीच शंभरनं, थांबवणार कशानं? १०० च्या गाडीत ८० च्या गाडीपेक्षा ५६ टक्के जास्त ऊर्जा असते, ती सगळी चार ड्रम ब्रेकमध्ये जिरवायची. उसाच्या सीझनमध्ये उंब्रजच्या पुढं रात्री निघा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं लाइट नसताना अचानक समोर येतो. मला खरंच काळजी वाटते ती इथं. पाचव्या गिअरचे पैसे जमवलेत ना, त्यातले आधी व्हील सिलेंडर, लायनर, होज पाइप आणि टायरवर घाला. टायर दिसायला नवे असले तरी त्यावरचं उत्पादनाचं साल वाचा.

"इंजिन थंड राहतं, दुप्पट टिकतं." सपाट रस्त्याला, एकट्या माणसाला, फेरे कमी म्हणजे झीज कमी, हे बरोबर. अँबॅसिडरच्या या इंजिनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८८.९ मिलिमीटर आहे, ३००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ८.९ मीटर, २५५० ला ७.६. पण आपल्याकडं सपाट रस्ता किती? पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढायचा, वाईवरनं पाचगणीला पसरणी. तिथं पाचव्यातनं उतरायचा कंटाळा करून गाडी रेटली तर जड सायकल टॉपला टाकून चढ चढल्यासारखं होतं, प्रत्येक स्ट्रोकला बेअरिंगवर दणका बसतो, आणि या क्रँकला मेन बेअरिंग तीनच. फेरे कमी म्हणजे पट्ट्यावरचा फॅन आणि वॉटर पंप पण हळू, अ‍ॅक्सिलरेटर मात्र पूर्ण दाबलेला. तापमानाचा काटा वर जाणारच. ज्यांना फेरे कमी करायला डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन बदला असं सांगितलं जातं त्यांच्यासाठी पण एक सांगतो, त्यानं पहिला गिअर पण लांब होतो, पसरणीत चार माणसं घेऊन थांबलेली गाडी परत उचलताना क्लच जळतो.

"आरटीओचा संबंध नाही." आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो हे खरं, तेवढ्यावर हे वाक्य उभं आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल करायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते ठामपणे सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना इन्स्पेक्टर गाडी बघतोच. म्हणून काम करायच्या आधी आपापल्या आरटीओत, साताऱ्यात एमएच-११, कराडात ५०, सांगलीत १०, लेखी अर्ज देऊन विचारा, आणि इन्शुरन्स कंपनीला पण लेखी कळवा.

"किंमत वाढते." ५० वर्षांच्या पुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. बोगद्याचा पत्रा कापला की तुम्ही बॉडी शेललाच हात घातला. जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस आधी खाली वाकून कुठं वेल्डिंग झालंय तेच बघतो.

एवढं सगळं वाचूनही ज्याला करायचंच आहे, वर्षाला हजारो किलोमीटर हायवे आहे, ब्रेक-टायर झालेत, आरटीओचं उत्तर हातात आहे, त्यानं जरूर करावं, पण पत्रा न कापता बसणारा बॉक्स शोधावा, अडॅप्टर प्लेट आणि ब्रॅकेट बोल्टवर ठेवावेत, मूळ प्रोपेलर शाफ्ट न कापता दुसरा करून घ्यावा, आणि मूळ बॉक्स ऑइल भरून, भोकं बंद करून, लिव्हर-लिंकेज आणि क्लचप्लेटसकट एका पेटीत घरातच ठेवावा. भंगारवाला किलोवर घेऊन जातो आणि नंतर तसला दुसरा मिळायला वर्ष-वर्ष जातं.