लायनीतले आणि डंकीवाले

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातकड्या-बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. आमच्या कोथरूडच्या शाळेच्या ग्रुपवर लगेच मेसेज आला, "डंकीवाल्यांना बरी अद्दल घडली." डंकी म्हणजे व्हिसाशिवाय, चोरवाटेने परदेशात शिरणं. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. त्यात तिघे महाराष्ट्रातलेही होते, असं मी लिहिलं, तर उत्तर आलं, "तू लायनीत उभा राहून गेलास, तुझी गोष्ट वेगळी."

कसली लाइन? माझा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, कंपनीने काढला, वकीलही तिनेच दिला. डिग्री नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला उभं राहायला लाइनच नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडातून अमेरिकेत येताना बर्फात गोठून मेलं. धाकटा मुलगा तीन वर्षांचा होता. त्यालाही डंकीवालाच म्हणायचं का? आणि उद्या माझी नोकरी गेली, तर दुसरी शोधायला मला मिळतात फक्त साठ दिवस.

मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहतो. गारपिटीनंतर इथली छपरं कोण बदलतं, ते रोज बघतो. भर उन्हात, शिंगल्सचे, म्हणजे छपरावरच्या पत्र्यांसारख्या तुकड्यांचे, गठ्ठे खांद्यावर घेऊन शिडी चढणारी माणसं. मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी पोहून, भिजून आलेले म्हणून अशांना 'वेटबॅक', म्हणजे ओल्या पाठीचे, म्हणायचे. १९५४ साली तर सरकारने हद्दपारीच्या मोहिमेलाच 'ऑपरेशन वेटबॅक' असं नाव दिलं होतं. आज ती उघड शिवी मानतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ पासून माणसाला 'इल्लीगल' म्हणणंही सोडलं. आपल्याकडे मात्र 'घुसखोर' बिनदिक्कत हेडलाइनमध्ये.

इथे सगळं गोड आहे, असं नाही. साउथ पाद्रेच्या समुद्रकिनाऱ्यावरून परतताना फाल्फुरियासच्या इमिग्रेशन चेकपोस्टवर पुढच्या गोऱ्यांच्या गाडीला हात करून सोडतात. माझ्या गाडीभोवती कुत्रा फिरतो, मी पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद, काढून देतो. बायको मुलांना गप्प बसवते. सगळे कागद खरे असूनही घशाला कोरड पडते.

दादाच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. तिथल्या गवंड्याला वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे 'बांगलादेशी' म्हणतात. तो मालद्याचा, म्हणजे पश्चिम बंगालचा. त्याला नावाने हाक मारा, असं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "सुट्टीला येतोस, तुला इथलं काय कळणार?" मी चिडलो, आणि खरं सांगायचं तर दुखावलोही. पुणं माझंही आहे.