शांती पीकपाण्यावर टांगलेली नसते

ख्रिस्ती विश्वासातून मिळणाऱ्या शांतीवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण त्यातलं ‘प्रभूकडे आलं की दुःख संपतं’ हे वाक्य पटलं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती घरांच्याही पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुलाबी बोंडअळी शिरते, सोसायटीचं कर्ज त्यांच्याही डोक्यावर असतं. नव्या विश्वासणाऱ्याला असं सांगितलं तर पहिल्याच नापिकीत तो कोलमडेल.

बायबलमधल्या प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, आनंद करा म्हणून लिहिलं ते बेड्यांत असताना. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तर नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूर राहिल्या. तरी त्यांच्या अभंगांतला आनंद आजही आमच्या उपासनेत भरभरून गायला जातो.

माझ्या मायचंच सांगतो. बाप गेला त्या वर्षी निम्मी बोंडं किडकी निघाली. ओट्यावर बसून ती पिवळा पडलेला कवडी कापूस नखानं सोडवायची अन् प्रार्थनेत आधी शेजारच्या आजारी लेकराचं नाव घ्यायची. रडायची, खूप रडायची. पण रात्री तिला झोप लागायची. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बाया न बोलावता निंदणाला आल्या, त्याचाही मोठा आधार झाला. देवाची शांती अशी माणसांच्या हातूनही घरात येते, हे लेखात यायला हवं होतं.

नापिकीच्या वर्षी घरात प्रार्थना कशी करावी, यावर जरूर लिहा. रविवारी मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवीन.